खुंटीवरची पिशवी

मंगळवार, तान्ह्या पोळ्यानंतरचा आठवडा, १९९९. दिवेलागण.

जीव थाऱ्यावर नाही. खरं तर आज खुशीत असायला पाहिजे होतं.

सागवान चोरीच्या खटल्यात मी भोगलेली शिक्षा वरच्या कोर्टानं मागेच रद्द केली. आज ठाण्यात हवालदारानं चोरांच्या रजिस्टरातलं माझं नावही खोडलं. म्हणाला, "झालं ना भाऊ! आता तुमाले कोनी बोलावनार नाई."

नऊ वर्षं जंगलात कुठंही साग तोडला गेला की पोलिसांची जीप माझ्याच दारात. सुताराच्या घरी सागाचा भुसा नाही तर काय सापडणार? म्हणून खुंटीवर पिशवी कायम भरलेली. सदरा, दुपट्टा, तंबाखू. हाक आली की पिशवी घ्यायची आणि मुकाट जीपमध्ये बसायचं.

आज घरी आलो तर खुंटीवर पिशवी नाही. बायकोनं धुऊन अंगणात वाळत घातली होती. "आता काऊन पायजे तुमाले? मी बाजारातून भाजी आनीन तिच्यात." बरोबरच आहे तिचं. मग मला राग का आला?

अर्ध्या तासापूर्वी रस्त्यावर जीप वाजली. मी रंधा खाली ठेवला, चपला घातल्या, खुंटीकडे हात नेला. जीप थांबलीच नाही, सरळ निघून गेली. माझा हात तिथंच, रिकाम्या खुंटीवर.

बायको दारातून बघत होती. दोरीवरची पिशवी काढून तिनं ओलीच खुंटीला अडकवली.

तेव्हा कुठं मी खाली बसलो.