दोन बोटं राहिलेली उडी

आप्पा, आज शहरात कॅम्प भागातल्या एका शाळेत आमची मीटिंग झाली आणि तिथं मी तुमच्याबद्दल दहा मिनिटं बोलले. मी चारचौघांत किती बोलते ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या भागातली मुलं सीमेच्या अलीकडून पलीकडे शाळा बदलत असतात. शारीरिक शिक्षणात त्यांना कुठल्या पातळीवर धरायचं, यासाठी दोन्ही राज्यांचे निकष शेजारी मांडायचं काम आम्हा काही शिक्षकांवर आलं आहे. सातवीचा तक्ता माझ्याकडे. एका कागदात सेकंद आणि मीटर, दुसऱ्यात सहभाग आणि सवयी. दोन्ही विचार करून लिहिलेले आहेत. पण अनगोळच्या माझ्या शाळेत डाव्या पायानं अधू असलेली एक मुलगी आहे. एका कागदाप्रमाणे ती पातळीखाली, दुसऱ्याप्रमाणे सहभागी. यंदा तिची लांब उडी चार बोटं वाढली, ते लिहायला कुठंच जागा नाही.

तेव्हा तुमच्या खुंट्या आठवल्या. निपाणीजवळच्या आपल्या शाळेत उडीच्या खड्ड्याकडेला प्रत्येकाची बाभळीची एक खुंटी असायची, वर रंगानं हजेरीचा नंबर. महिन्यातून एका शनिवारी जिथं टाच पडेल तिथं ज्यानं त्यानं आपली खुंटी ठोकायची. एकदा वर्गातला सगळ्यात उंच मुलगा म्हणाला, "सर, मी समद्यांच्या म्होरं हाय." तुम्ही शिट्टी तोंडातून काढलीत. "समद्यांचं ऱ्हाऊ दे. तुझी खुटी गेल्या म्हैन्यापास्नं हाललीया का?" हलली नव्हती. पोरं हसली, तोही हसला. मग शेवटच्या पोराच्या खुंटीपाशी तुम्ही उकिडवे बसलात आणि सगळ्यांना हाक मारलीत, "हिकडं या रं, ह्येची खुटी किती बोटं सरकली मोजा."

माझी खुंटी तीन महिने जागची हलली नव्हती. शाळेत तुम्हाला सर म्हणायचं आणि घरी आप्पा, त्यात मला दोन्हीकडे लाज वाटायची. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी ती वीतभर पुढं ठोकली. दुसऱ्या दिवशी उडी मारली ती खुंटीच्या मागंच पडली. "सरांची पोरगी मागं मागं निघालीया," कुणीतरी म्हणालं. तुम्ही खुंटीच्या बुडाची ताजी माती पाहिलीत, मग मला. "काडू नगंस ती. तितंच ऱ्हाऊ दे. गाठलीस की सांग मला." एवढंच. घरी चुलीपाशी आई विचारते, "पोरगी आज गप का वो?" तुम्ही भाकरी मोडत सांगता, "दमलीया. लांब उडी मारायची हाय तिला." मी इतकी वर्षं मुलांना शिकवते आहे, पण असं रागावणं मला अजून जमलेलं नाही.

मी तक्त्यात तिसरा रकाना घातला, स्वतःच्या मागच्या खुणेपासून किती पुढं. हिंडलग्याहून येणारे आमचे वयस्कर प्रमुख म्हणाले, "मॅडम, दोन राज्यं जुळंनात, त्यात तुम्ही तिसरं काढलासा." सगळे हसले. मग मी खुंट्यांचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "ऱ्हाऊ दे रकाना. पण खुणा खऱ्या पायजेत. पोरं सरकिवत्यात."

मी "बघते" म्हणाले आणि मान खाली घातली. उद्या त्या रकान्यात पहिली नोंद त्या मुलीची होईल, चार बोटं. ती मी स्वतः मोजली आहेत.

तुम्हाला लिहिलेला हा कागद मी तक्त्याच्या फायलीत ठेवणार आहे, कुणाला दाखवायला नाही. दवाखान्यात शेवटी तुम्ही विचारलंत, "ती खुटी गाठलीस का गं?" मी म्हणाले, "व्हय आप्पा, कवाच." तुम्ही "बरं झालं" म्हणून डोळे मिटलेत.

गाठली नव्हती, आप्पा. दोन बोटं राहिली होती.