अंधार काढून मिळेल

मंगळवार, ६ ऑक्टोबर १९८७
आजपासून रोजनिशी. यात फक्त खरं लिहायचं.
मी हणमंत. मेकॅनिक, जयपूर. तसा अजून एकही टीव्ही उघडलेला नाही. राजा पार्कात सुखदेवजींचं टीव्हीचं दुकान आहे, तिथं दशरथ मिस्त्री टीव्ही उघडतो. मी शिडी वाहतो आणि गच्चीवर चढून अँटेना फिरवतो. पण अँटेनाशिवाय टीव्ही म्हणजे नुसतं खोकं. म्हणजे निम्मा मेकॅनिक मीच.
गावाकडनं मालनच्या वडिलांचा, आप्पासाहेबांचा निरोप आलाय. त्यांचे धाकटे भाऊ सुभेदार हिंदुराव इथंच मिलिटरीत आहेत. पोरगा खरोखर मेकॅनिक आहे असं त्यांनी कळवलं, की तुळशीच्या लग्नानंतर बोलणी. म्हणजे मालन माझी. बाकी कायबी अट नाही. जमल्यातच जमा.
निश्चय: दशरथच्या हाताकडं बघून बघून शिकायचं. तंबाखू बंद.
आज रात्री नऊला ‘तेरहवां पहर’ सुरू. सुपरहीरो जासूस. सुखदेवजींनी महिनाभर याच्याच नावावर टीव्ही विकलेत.

बुधवार, ७ ऑक्टोबर
दुकान उघडायच्या आधी दारात गर्दी. सगळ्यांचे टीव्ही एकाच रात्री बिघडले.
बिघडले नाहीत. मालिकाच तशी आहे. काळी गल्ली, काळा ओव्हरकोट, तोंडाला काळं फडकं. पहरेदार नावाचा हीरो एका सावलीत शिरतो आणि शहरातल्या दुसऱ्या सावलीतनं निघतो. शिरताना दिसत नाही. निघताना पण नाही. मधेमधे जाड आवाजात स्वतःशीच बोलतो.
मल्होत्रा आंटी म्हणाल्या, अर्धा तास एक माणूस खोकत होता, एवढंच कळलं, माझी पिक्चर ट्यूब बदलून द्या. एक म्हातारे वकील म्हणाले, सुपरहीरो आहे तर उडत का नाही. सुखदेवजी सगळ्यांना सांगून दमले, की जी, सीरियल ही ऐसा है. कोणी ऐकेना. दशरथ सांगानेरला गेलेला.
तंबाखू एकदाच. गर्दीमुळं.

गुरुवार, ८ ऑक्टोबर
इलाज सापडला! ब्राइटनेसचं बटण. पार शेवटपर्यंत फिरवायचं.
आंटींच्या घरी फिरवलं. त्या म्हणाल्या, वाह इंजिनियर साहब. इंजिनियर म्हणाल्या. मेकॅनिकच्या वरची पोस्ट. मागून हसल्या, पण त्या आनंदानं.
आणखी पाच-सहा घरी फिरवलं. लोक विचारतात किती झाले, मी म्हणतो राहू द्या. मोठी माणसं असंच म्हणतात.

रविवार, ११ ऑक्टोबर
सुभेदारकाकांच्या क्वार्टरवर गेलो. शर्ट इस्त्रीचा. तारामतीकाकूंनी पिठलं-भाकरी वाढली. जयपुरात भाकरी! डोळ्यात पाणी आलं, पण ते ठेच्यामुळं.
काकांनी विचारलं, काम काय करतोस. सांगितलं, मेकॅनिक. कशाचा. म्हणालो, अंधाराचा. जरा चुकलंच. काकू म्हणाल्या, अगंबाई, मग दिवसा काय करतोस?
नीट सांगितलं. ‘तेरहवां पहर’ सगळ्यांना काळी दिसते, मी ती उजळून देतो. काका म्हणाले, आमच्या लायनीतली सगळी बायकापोरं आमच्याकडंच बघायला येतात आणि काय दिसत नाही म्हणून मलाच बोलतात, जणू मीच दिवे काढून घेतलेत. त्यांच्या टीव्हीचं बटण मी फिरवलं. काकांनी मान हलवली. मिलिटरीत मान हलवणं म्हणजे होकारच.
आप्पासाहेबांना पत्र कधी घालणार, ते विचारायचं राहिलं. घाई दिसायला नको.

बुधवार, १४ ऑक्टोबर
काल दुसरा भाग. सुखदेवजींनी दुकानातला एक टीव्ही फुटपाथकडं तोंड करून लावला. तुफान गर्दी. पहरेदारच्या शहरात सारखा पाऊस पडतो. इथं यंदा थेंब नाही, विहिरी आटल्यात. बायका गोष्ट बघतच नाहीत, पाऊस बघतात. एक म्हातारी म्हणाली, इतनो पाणी और यो बावळो कोट पहनकर घूम रह्यो है, बाल्टी रख ना! सगळे हसले. पुढं कोणी तरी मेलं, ते कोणी बघितलंच नाही.
मी उभा राहून गोष्ट समजावत होतो. मागच्यांनी सांगितलं, भैया, बसो, काच नहीं हो तुम. प्रेमानं.
टीव्ही एक पण विकला गेला नाही. पुढच्या मंगळवारी जाईल.

सोमवार, १९ ऑक्टोबर
दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: अंधेरा निकाला जाता है. खाली माझं नाव.
दुपारी सुखदेवजींनी पुसायला लावलं. भिंत शेजाऱ्याची निघाली. तरी सकाळभर होतं. बऱ्याच जणांनी वाचलं असणार.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर
काल दिवाळी. सुट्टी नाही, सेट पोचवायचे होते. सांजेला काकूंनी चकल्या धाडल्या, जवानाच्या हातून. जावयालाच धाडतात चकल्या. त्याच जवानानं आणखी चार घरी पोचवल्या असं म्हणाला, पण ते शेजारी.
पहिला निश्चय जरा मागं पडलाय. दशरथ काम करताना पाठ करून बसतो.

बुधवार, २८ ऑक्टोबर
लोक कुरकुरायला लागलेत. मंगळवारचा अर्धा तास सोडला तर बाकी सहा दिवस टीव्ही पांढराफटक दिसतो. बातम्या देणारी बाई म्हणजे पिठाच्या डब्यात पडलेली. वकील म्हणाले, काल खेतीच्या कार्यक्रमात मी गहू समजून कापूस बघितला. दशरथनं दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, किस गधे ने सबका ब्राइटनेस फुल किया है. ट्यूबची वाट लागते त्यानं.
मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालू नये. मी गच्चीवर गेलो. अँटेना नीटच होती. तरी फिरवली.

सोमवार, २ नोव्हेंबर
नवा निश्चय. बटण वरवरचं काम आहे. खरा इलाज आत. दशरथ टीव्हीच्या पाठीमागनं आत कुठला तरी बारीक स्क्रू फिरवतो आणि चित्र लख्ख येतं. आज त्याच्या खांद्यावरनं बघितलं. म्हणजे खांदा बघितला. पण हात डावीकडं होता एवढं नक्की.

बुधवार, ११ नोव्हेंबर
सहा भाग झाले. फुटपाथवरची गर्दी पातळ. मल्होत्रा आंटी सांगत होत्या, आमच्याकडं आता टीव्ही बंद करून फक्त ऐकतो, फरक काहीच नाही, बिजली वाचते. मुलांनी गल्लीत खेळ काढलाय, एक जण डोक्यावर गोणपाट घेतो आणि बाकीचे विचारतात, उडेगा कब?
मला एकट्याला मालिका आवडते. पहरेदार रोज लोकांना वाचवतो आणि लोकांना तो दिसत पण नाही. त्याचं मला कळतं.
तुळशीचं लग्न होऊन गेलं. गावाकडनं काय आलं नाही. टपाल फार हळू असतं हल्ली.

रविवार, १५ नोव्हेंबर
क्वार्टरवर गेलो. काका स्वतःहून म्हणाले, आप्पांचं पत्र आलंय, पोरगं कसं आहे विचारतात. म्हणाले, हणमंता, चोवीस तारखेला शेवटचा भाग. पहरेदार फडकं काढणार. सगळी लाइन येणार माझ्या दारात. त्या दिवशी चित्र दाखव, मी रात्रीच पत्र लिहितो. काकू म्हणाल्या, दाखवीलच तो, नाही तर आम्ही पण फडकं बांधून बसू.
माझं लग्न आता चोवीसला ठरलं असं धरायला हरकत नाही.

सोमवार, २३ नोव्हेंबर
दशरथच्या पेटीतला बारका पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेतला. चोरला नाही. बुधवारी आणून ठेवायचाय.
तंबाखू परवापासून बंद.

बुधवार, २५ नोव्हेंबर, सकाळ
सगळं लिहायचं म्हणजे लिहायचं.
काल क्वार्टरसमोर सतरंज्या. टीव्ही व्हरांड्यात टेबलावर. बायका, पोरं, जवान, लग्नघरासारखी गर्दी. काकांनी ओळख करून दिली, आमचा मेकॅनिक. आमचा म्हणाले.
सुरू व्हायच्या जरा आधी मी पाठीमागचं झाकण उघडलं. आत डावीकडं स्क्रू एक नव्हता, लई होते. मधला धरला. फिरवला. बारीक टक् झालं. जळक्या रबराचा वास आला.
आवाज चालू होता. चित्र नव्हतं. काळं. सगळं काळं.
झाकण लावलं आणि गर्दीत जाऊन बसलो. काय करणार होतो?
मालिका सुरू झाली. पावसाचा आवाज, पावलांचा आवाज. सगळे बघत बसले! मला वाटलं आता कोणी ओरडेल. कोणी ओरडलं नाही. एक हवालदार म्हणाला, आज सस्पेन्स जास्त आहे. काकू म्हणाल्या, शेवटचा भाग ना, म्हणून अंधार पण राखून ठेवलेला दिसतो. एका बाईला खांबाखाली कुत्रं दिसलं. तिची पोरगी म्हणाली, कुत्रं नाही, हात. मग बऱ्याच जणांना हात दिसला. मला पण थोडा दिसला.
शेवटी पहरेदारनं फडकं काढलं. काढलं असणार, कारण ढोल वाजले आणि आतून कोणी तरी किंचाळलं, तुम? सगळी सतरंजी पुढं सरकली. मग टाळ्या! हवालदार म्हणाला, मला पहिल्यापासून माहीत होतं, डॉक्टरच. काकू म्हणाल्या, डॉक्टर कसला, तो वॉचमन. दोघं भांडायला लागले. इतकी रंगलेली मालिका मी बघितली नाही.
काका माझ्याकडं बघून हसले. पत्र लिहिलं गेलंच, असं मला वाटलं.
मग बातम्या लागल्या. बाईचा आवाज आला, नमस्कार. बाई आली नाही.
काका उठले, टीव्हीजवळ गेले, काचेत वाकून बघितलं. मग माझ्याकडं वळले आणि शांतपणे विचारलं, हणमंता, बातम्यांत पण सस्पेन्स आहे का?

बुधवार, २५ नोव्हेंबर, संध्याकाळ
सेट हातगाडीवर घालून दुकानात आणला. मीच ओढली, काका बरोबर. दशरथनं उघडला, बघितला, पेचकस माझ्या खिशातनं स्वतःच काढून घेतला. सुभेदारकाकांना म्हणाला, साहब, ये तो सीढ़ी पकड़ता है. इसको सेट किसने दिया?
ओरडला नाही. साधं सांगितलं. ओरडला असता तर मी काही तरी बोललो असतो.
काका पण ओरडले नाहीत. जाताना पाठीवर हात ठेवला. शिव्या दिल्या नाहीत म्हणजे मनात जागा आहे. पत्रात चांगलंच लिहितील.

शनिवार, ५ डिसेंबर
सुखदेवजींनी नोकरीवरनं काढलं नाही. म्हणाले, तुझ्याइतक्या चटकन गच्चीवर कोणी चढत नाही. फक्त टीव्हीला हात लावायचा नाही. चढण्यात माझी बरोबरी नाही हे त्यांनी मानलं.
मालिका संपली आणि लोक विसरले पण. आज कोणाला विचारलं, शेवटी कोण निघाला. म्हणाले, कौन?

सोमवार, १४ डिसेंबर
काकूंकडनं कळलं. मालनचं जमलं. गडहिंग्लजला कंपाउंडर आहे. काकू म्हणाल्या, पोरा, जेवून जा. जेवलो. भाकरी नेहमीसारखीच होती.
काकांनी पत्रात काय लिहिलं, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं. पोरगा कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, मेकॅनिक नाही. तिन्ही खरंच आहे. मधलं तर मला माहीत पण नव्हतं.

शनिवार, १९ डिसेंबर
काकांनी लग्नात द्यायला नवा टीव्ही घेतला. रंगीत. आमच्याच दुकानातनं. रेल्वेच्या पार्सलात फुटेल म्हणून बरोबर माणूस पाठवायचाय. काकांना रजा नाही. सुखदेवजींनी मला बोलावलं. म्हणाले, दोन वर्षं झाली, गावी पण जाऊन येशील. उघडायचा नाही, लावायचा नाही, नुसता धरायचा.
विचार केला तर वाईट नाही. सगळं गाव बघेल, जयपूरहून टीव्ही घेऊन हणमंत आला. मालन दारात असेलच. शिडी भिंतीला टेकवून ठेवली आणि मग हो म्हणालो.

बुधवार, २३ डिसेंबर, गाडीत
सीट एकच मिळाली. तिच्यावर खोकं ठेवलंय, पंच्यानं खिडकीच्या गजाला बांधलंय. मी खाली, पाय दुमडून, एक हात वर. हात बधिर झाला की बाजू बदलतो.
समोरची बाई मघापासनं बघत होती. म्हणाली, भैया, आप ऊपर बैठो ना, डिब्बा नीचे रख दो.
मी सांगितलं, नाही, तो लग्नाला चाललाय.