हाड नसलेली टर्की

प्रिय हेझल,

काल फोनवर तू विचारलंस, नोव्हेंबर सरला नाही तोच टर्की कसली शिजवलीस? मी 'नवं भांडं अजमावून बघत होते' असं सांगून वेळ मारून नेली. काय करणार, फोन आता पुढच्या खोलीत तुझ्या बाबांच्या उशाशी असतो. त्यांचे पाय गेले तरी कान शाबूत आहेत, आणि डोळे मिटून पडले म्हणजे झोपलेच असं काही नसतं. म्हणून हे पत्र. तुझ्या शेटलंडला जाणारी बोट वाऱ्याने अडकली नाही म्हणजे मिळवलं.

भांडं आपलं नाहीच, शेजारच्या बेरिलचं आहे. स्लो कुकर, दिवसभर मंद आचेवर शिजवणारा. भट्टीतल्या टर्कीचा घास बाबांना आता गिळवत नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून कोरडं काही घशाखाली गेलं की ठसका लागतो, आणि तो थांबेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. बेरिल म्हणाली, "अख्खा पक्षी कशाला आणतेस? छातीचा बिनहाडाचा तुकडा आण आणि सकाळी यात टाक. लोण्यासारखा होतो. पण झाकण उचलायचं नाही हं, नॉर्मा! तुझा स्वभाव मला ठाऊक आहे." खाटकाने दोऱ्याच्या जाळीत गच्च बांधलेला तुकडा दिला. तळाशी कांदे-गाजरं पसरली, वर तो ठेवला, लोणी चोळलं, सेजची वासाची पानं टाकली, कपभर पाणी घातलं आणि झाकण लावलं. संपलं काम! इतकी वर्षं नाताळ म्हणजे पहाटे उठून त्या धुडाशी झटापट, दर थोड्या वेळाने भट्टी उघडून त्यावर चरबी ओतणं, आणि बाबा मागच्या पायरीवर सुरीला धार लावत 'अजून मेला नाही का तो?' म्हणून चिडवणार. या भांड्याला माझी काही गरजच नव्हती. मी मांडीवर हात ठेवून बाबांशेजारी बसून राहिले. इतका वेळ त्यांच्याकडे नुसती बघत मी कधीच बसले नव्हते गं. त्यांची मनगटं किती बारीक झालीत! मला रडू आलं, तर म्हणतात कसे, "पक्षी शिजवतेयस की आंघोळ घालतेयस त्याला?"

दुपारी वास त्यांच्या पलंगापर्यंत पोचला तेव्हा त्यांनी स्वतःहून मान उचलली. वरची कातडी पांढरीफटक होती, ती जरा ग्रिलखाली धरून लाल केली. काट्याने मांसाचे धागे सोडवले, भांड्यातल्याच रसाची ग्रेव्ही केली आणि चमच्याने भरवलं. एकदाही ठसका लागला नाही, हेझल. मी नाताळचे दोन क्रॅकरही आणले होते, ते कागदी नळीचे, दोन्ही टोकं ओढली की फटकन फुटणारे. आम्ही ते ओढले, आतून निघालेले कागदी मुकुट घातले, चिठ्ठीवरचा विनोद वाचला. दरवर्षीसारखाच टुकार होता.

मग त्यांनी ताटलीत काट्याने चाचपायला सुरुवात केली. "हाड कुठाय?" मला आधी कळेचना. ते बेचकीसारखं हाड गं, तुम्ही दोघं मनात इच्छा धरून, करंगळ्या अडकवून ओढायचात ते; मोठा तुकडा ज्याच्या हाती, त्याची इच्छा पुरी. मोठा तुकडा तुझ्याच हाती यावा म्हणून ते बोट ढिलं सोडायचे, आणि तुला वाटायचं तू जिंकलीस. मी म्हटलं, "बिनहाडाचा तुकडा आहे, विल्फ. यात ते नसतं." त्यांनी काटा खाली ठेवला. मग म्हणाले, "मग मागायचं कशावर?" मी हसण्यावारी नेलं आणि त्यांची करंगळी माझ्या करंगळीत अडकवली. म्हटलं, माग असंच. त्यांनी बोट सोडवून घेतलं. "तुझ्याशी नाही. हेझलशी." काय मागायचंय विचारलं, तर सांगेनात. सांगितलं तर खरं होत नाही ना!

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते लिहिते. भांडं वगैरे काही अजमावत नव्हते मी. आदल्या आठवड्यात नर्स ब्रिजिट त्यांना तपासून निघाली, आणि दारात कोट घालता घालता हळूच म्हणाली, "नाताळ करायचा असेल तर करून घ्या, नॉर्मा. तारखेची वाट बघू नका." तोच आमचा नाताळ होता. दुकानांत नोव्हेंबरात दिवे लागले तरी शिव्या घालणारे तुझे बाबा, पण मुकुट घालताना त्यांनी आज वार काय, तारीख काय, काही विचारलं नाही. त्यांना कळलंय. तिथल्या वृद्धाश्रमात तू नाताळची पाळी घेतलीस, लेकुरवाळ्या बायकांना घरी जाता यावं म्हणून. याचा मला अभिमानच आहे. तू काल 'जानेवारीत येते' म्हणालीस आणि मी 'काही घाई नाही, बाळ' म्हणाले. आपल्या घरात कुणी कुणाला 'ये' म्हणतच नाही. 'जमलं तर बघ' म्हणायचं आणि खिडकीत बसायचं. पण बाळ, जानेवारी फार लांब आहे. मी खाटकाकडे जाऊन एका पक्ष्याचं ते हाड मागून आणलं, धुतलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवलंय. ओलं असलं तर नुसतं वाकतं, मोडत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. आज हात लावून पाहिलं. वाळलंय. तू ये.

वाट बघणारी, तुझीच,
आई