सावधान म्हटलं, विचारलं नाही

डोणगाव, १ डिसेंबर १९६३, रविवार

आधी माफी. आषाढात वही मिटली ती आज उघडतो आहे. पाच महिने एक ओळ नाही! कारण आळस. दुसरं काही लिहिलं तर खोटं होईल.

आज वाहेद मास्तरांच्या बहिणीचा, गौसियाचा, निकाह. वाहेद आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवतात, म्हणून मला अगदी पुढे बसवलं. काजी बसले, नवरा मुलगा सेहऱ्याआड घाम पुसतो आहे आणि सगळे नुसते थांबलेले! मला वाटलं कोणी मोठा पाहुणा यायचा असेल.

"कशासाठी थांबलो आहोत?" मी वाहेदना हळूच विचारलं.

"निकाहाचे वकील आत गेले. मुलीच्या वतीनं तेच बोलतात. तिले विचारायला."

"काय?"

"कबूल आहे का म्हणून."

मी चमकलो. "आणि नाही म्हणाली तर?"

"तर दोन डेग बिर्याणी कोण खाईल, रंगरावजी?" — आणि मांडीवर थाप मारून हसले.

मला हसू आलं नाही. घरी येताना डोक्यात तेच. आमच्या लग्नात अंतरपाटापलीकडे सत्यभामा उभी होती. सतरा वर्षांची. भटजी घसा फोडून ओरडत होते — सावधान! सावधान! म्हणजे आम्हांला सावध केलं. विचारलं कोणीच नाही. एकवीस वर्षं झाली. मीही नाही.

४ डिसेंबर

सकाळी पूजेला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. आवाहयामि. देवाला आधी बोलवायचं. मग आसन. मग पाय धुवायला पाणी. स्नान, गंध, म्हणजे स्पर्श, तो त्यानंतर. वीतभर पितळेच्या मूर्तीलाही मी न बोलावता हात लावत नाही!

आणि सत्यभामेला?

पतिपत्नीचा संग ही पूजाच आहे असं मी तरुणपणापासून मानत आलो. मित्रांच्या चावट गप्पांतून उठून जायचो. स्वतःला फार स्वच्छ समजायचो. पण मग एकवीस वर्षं ही पूजा आवाहनावाचून चालली आहे. न बोलावता केलेली पूजा म्हणजे काय होते? शब्द सुचतो आहे. लिहवत नाही.

ठरवलं. विचारायचं.

५ डिसेंबर

विचारलं. मुलगी सासरी, मुलगा अकोल्याला कॉलेजात, घरात आम्ही दोघंच. दिवेलागणीला ती मेथी निवडत होती. पाट मांडून तिला त्यावर बसवलं (आसन!). ती मेथीसकट बसली. मी समोर मांडी घालून म्हणालो, "तुझी इच्छा आहे का?"

"कशाची?"

बी.ए. झालेला माणूस, वीस वर्षं मराठी शिकवतो, आणि या गोष्टीला माझ्याजवळ शब्द नाही. एक शब्द वैद्यकाच्या पुस्तकातला, एक शिवीतला, मधे काहीच नाही. शेवटी म्हणालो, "जवळ येण्याची."

"जवळच त बसली आहो मी."

"तसं नव्हे..."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मेथीकडे. "हाव," म्हणाली. आणि जरा थांबून — "बरं नाही का तुम्हाले?"

७ डिसेंबर

देवळात शिरताना घंटा वाजवतो. स्वयंपाकघरात मात्र आपण तसेच घुसतो! म्हणून कालपासून उंबऱ्याशी थांबून खाकरतो आणि मगच आत जातो. काल सहा वेळा. आज तिनं अडुळशाचा काढा केला. कडू जहर! समजावून सांगायला तोंड उघडलं, तर तिनं पेलाच लावला.

९ डिसेंबर

रोज विचारतो. रोज "हाव". यात आनंद व्हायला हवा. होत नाही. हे "हाव" तिचं की तिला शिकवलेलं? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराचं काय करायचं?

आज तपासून पाहिलं. चारला चहा मागितला. "हाव." तो संपताच दुसरा. "हाव." तिसरा. चौथ्याला साखर संपली, तर शेजारून आणली!

"मी मिशी काढू का गं?"

"काढा."

"हिरवी रंगवू?"

"तुमची मर्जी." आणि कप उचलून घेऊन गेली.

चार कप चहा आणि एक नकार नाही. पोटात जळजळ.

१० डिसेंबर

शाळेत मुलांना शिकवतो तसं शिकवायचं ठरवलं.

"म्हण — नाही."

"नाही."

"असं नव्हे. मनापासून."

"मनापासून नाही."

"अगं, कशाला नाही?"

"ते तुम्हीच सांगा. कशाले नाही म्हणू?"

हात टेकले. माझ्या आज्ञेवरून दिलेला नकार! हा तर होकाराहून वाईट.

एक मात्र लिहिलं पाहिजे. बोलताना तिचे ओठ किंचित हलत होते. ती हसू दाबत होती? एकवीस वर्षांत मला तिचं दाबलेलं हसू ओळखता येत नाही!

१२ डिसेंबर

संध्याकाळी महादेवराव आले. आमचे शेजारी, किराणा दुकानवाले. दोन घरांत एकच भिंत. बसले, सुपारी कातरली, पुन्हा कातरली.

"मास्तर, तुम्हाले घरात जे विचारायचं ते विचारा. माझं काही म्हणणं नाही. पण हळू विचारा."

"म्हणजे?"

"भिंतीतून ऐकू येते हो! काल मी आपला जेवून उठलो, त आमची कौशल्या म्हणते, मास्तर विचारतात, तुम्ही काऊन नाही विचारत? पंचवीस वर्षं झाली मास्तर लग्नाले! आता काय विचारू?"

मी म्हणालो, विचारून तर पाहा.

"विचारलं ना!"

"मग?"

"नाही म्हणाली." आणि सुपारी तशीच टाकून उठून गेले.

मला कौशल्याबाईंचा हेवा वाटला. छे! हे काय लिहिलं मी? मला हवं तरी काय आहे? तिचा नकार, की तो मी किती उदारपणे ऐकून घेतो हे स्वतःलाच दाखवणं? खोडत नाही. राहू दे.

१६ डिसेंबर

बुलढाण्याला शिक्षणखात्याच्या साहेबांनी बोलावलं होतं. जळगाव जामोदच्या शाळेला हेडमास्तर हवा आहे.

"जाता ना?" साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"पंधरा दिवसांत हजर व्हायचं."

"हो साहेब."

"उन्हाळा फार हो तिकडे."

"हो साहेब."

हेडमास्तर! वीस वर्षांनी! परतीच्या गाडीत दोनदा स्वतःशीच हसलो. पेढे घेतले. सत्यभामेला सांगितलं. पेढा हातात घेऊन म्हणाली, "जळगाव म्हणजे पार सातपुड्याखाली ना?" मी म्हणालो हो, जिल्ह्याचं दुसरं टोक. "बरं," म्हणाली. पेढा देवापुढे ठेवला.

लगेच ट्रंक काढून सामानाची यादी केली. पेट्या-बोचकी मिळून एकूण एकोणीस डाग.

१८ डिसेंबर

दिवेलागणीला नेहमीप्रमाणे पाट मांडला. भिंतीकडे पाठ करून, हळू आवाजात विचारलं, "तुझी इच्छा आहे का?"

"नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी उठून उभा राहिलो. "शाबास!" ओरडलोच. पलीकडे महादेवरावांच्या घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या! खरंखुरं, कोणी न सांगता आलेलं "नाही"!

"आधी ऐकून त घ्या," ती म्हणाली. "शाबास काऊन म्हणता? मले जळगावले नाही यायचं."

मी खाली बसलो.

"सहा गावं झाली. सहा चुली घातल्या म्या. माती आणा, मळा, लिपा. धूर कोणीकडून जाते ते समजेपर्यंत तुमची बदली. ही चूल धुरत नाही. मी इथंच राहीन. तुम्ही जा, सुट्टीत येत जा."

"पण अगं, हेडमास्तर..."

"हाव. चांगलंच आहे ना! पण रोज मले पाटावर बसवता, इच्छा आहे का, इच्छा आहे का विचारता. अन् हे विचारलं का? आले अन् पेढे दिले."

आवाज चढला नव्हता. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. तिच्याजवळ जाण्याआधी बारा-तेरा दिवस मी विचारत होतो. तिचं घर उचलायच्या आधी सहाही वेळा नाही विचारलं. आणि सातव्यांदा — परवा — तर ही पूजा चालू असताना!

यादीतले एकोणीस डाग. त्यांत ती कितवी होती?

१९ डिसेंबर

भाकरी थापताना तिनं विचारलं, "तुमची तरी इच्छा आहे का जायची?"

हो म्हणायला तोंड उघडलं. त्रेचाळीस वर्षांचा झालो, मला हे कोणी विचारलेलं नाही. मीही नाही. तव्यावरची भाकरी फुगली, तिनं काढली, दुसरी टाकली, तेव्हा कुठे म्हणालो, "नाही."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. पिठाचा. न विचारता.

उद्या: बुलढाणा. साहेबांना नाही म्हणणे.