धुतलेले शिंपले

आये, तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मोरीपाशी तिसऱ्यांची, खाडीतल्या त्या शिंपल्यांची, पाटी ठेवायची तुझी जागा कुणी बदललेली नाही. धाकटा भाऊ आता पुढच्या खळ्यात, खाडीच्या अंगाला, नवं घर बांधणार आहे. चिरे येऊन पडलेत. आणि मला भीती वाटतेय, आये. वादळात बाबांची वाट बघत तू दारात उभी राहायचीस, तशी नाही. तुझी भीती होडी दिसली की संपायची.

माझं काम तुला कधी नीट सांगताच आलं नाही. खोल समुद्राच्या तळाला जहाजावरून भोक पाडतात, नळीत भरून चिखल वर येतो. जितकं खाली जावं तितका तो जुना. त्यात वाळूच्या कणाएवढे शिंपले असतात. ते जीव कधीकाळी वरच्या पाण्यात तरंगत होते, मेले आणि तळाला गेले. पाणी जितकं ऊन, तितकं शिंपल्यात मॅग्नेशियम जास्त. ते मोजून तेव्हाचं पाणी किती तापलं होतं, याचा आम्ही अंदाज बांधतो. फक्त शिंपला स्वच्छ हवा. आत चिखल राहिला तर आकडा खोटाच चढतो. तिथे मला हमखास तू आठवतेस. पाव्हणे ओटीवर बसलेत, मी शाळकरी पोर, तिसऱ्या कशाबशा पाण्यातून काढलेल्या. तू पाटी ओढून घेतेस. "अगो, पावन्यांच्या दाताखाली कच आली तर नाव माजं जाईल, तुजं नाय!" मग मी रडत धूत बसते, आणि शेवटी तूच ओरडतेस, "आता पुरे गो! चव पन धुऊन टाकशील."

गेल्या महिन्यात एका जुन्या थराचा आकडा आला. तेव्हाचं पाणी जवळजवळ आजच्याइतकंच ऊन. आणि त्या काळी समुद्र आजच्यापेक्षा बराच वर चढलेला होता, हे आम्हाला आधीपासून माहीत आहे. म्हणजे आताही तो तसाच चढणार. चिखल राहिला असेल म्हणून शिंपले पुन्हा धुतले. आयुष्यात पहिल्यांदा, घाण निघू दे म्हणून देवाला हात जोडले. आकडा हलला नाही. आम्लाने फार धुतलं तर शिंपलाच विरघळतो आणि आकडा खाली येतो, तेही मला ठाऊक आहे. आम्लाची बाटली हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. मग ती ठेवली आणि आकडा आहे तसा कळवला. पाणी एका दिवसात चढत नाही, पिढ्या जातात, असं स्वतःला समजावते. पण उधाणाला ते आताच खळ्याच्या पायरीला लागतं, आणि धाकट्याची लेक अजून बोबडं बोलते.

मघाशी तो दारात आला. "ताय, तुज्या त्या शिंपल्यांचं काय झालं? हितंच बांधू ना?" मी वरच्या सड्यावरच्या, डोंगरमाथ्यावरच्या, जागेचा विषय काढला, तर त्याने हसत तुझंच बोलणं माझ्या तोंडावर मारलं, "सड्यावर मासं काय चालत येनार?" हसताना तो अगदी तुझ्यासारखा दिसतो. आकडा सांगायचा माझा धीरच झाला नाही.

"अजून धुवायचे राहिलेत," मी म्हटलं.

"बरं. तवर पाया खनून ठेवतो."

हे पत्र कुठे टाकू? बाहेर कुदळ पडायला लागलीय, आये. धुवायचं काहीच राहिलेलं नाही, आणि मी अजून जागची उठलेले नाही.