आबाजी कारकुनाने न दिलेला कागद

मी, पूर्णिमा गुंडू तळवणेकर, वय वर्षे एकोणसत्तर, मूळ गाव तळवणे, तालुका सावंतवाडी, हल्ली मुक्काम मुहर्रक, बहरीन, हे मृत्युपत्र स्वतः टाईप करत आहे. माझी साखर वाढलेली आहे आणि गुडघे कामातून गेलेत, पण डोकं ठिकाणावर आहे. धाक घालून किंवा लाडीगोडी लावून हे कोणी लिहून घेतलेलं नाही. लाडीगोडी लावायला घरात आहेच कोण? नवरा, कै. गुंडू, हिद्दला ट्रेलर चालवत होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली. या आधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. मला इथल्याच स्मशानात अग्नी द्यावा. पेटीत घालून विमानाने गावी नेण्याचा तमाशा करू नये. मनामाच्या टायपिंग सेंटरमध्ये पस्तीस वर्षं मी त्या पेट्यांचे कागद टाईप केले आहेत. माणूस कार्गोत जातो आणि घरचे दोन दोन दिवस विमानतळावर ताटकळतात. मला ते नको.

कलम २. तळवण्याच्या घरातला माझा वाटा दीर जयेश यास द्यावा. त्याने मला न विचारता मागीलदारचा फणस तोडला आणि त्याचा दिवाण करून घेतला. फणस मी लावलेला होता. तर वाटा त्याला, पण दिवाण माझी मुलगी भक्ती हिला. जयेशने यावर फुरंगटून बसू नये.

कलम ३. बँकेतली शिल्लक मुलगा ऋत्विक आणि भक्ती यांनी सारखी वाटून घ्यावी. पाटल्या भक्तीच्या. ऋत्विकला त्याच्या बापाचं घड्याळ. ते मागे पडतं, पण बापही वेळेवर कधी आला नाही.

कलम ४. शेजारीण इशरत या कागदावर साक्षीदार आहे, म्हणून तिला काही ठेवत नाही. सात वर्षांपूर्वी ईदला नेलेला माझा मोठा टोप तिच्याकडेच राहू दे. ते दान समजू नये. मी मागून मागून थकले.

कलम ५. आता मूळ मुद्दा. हा सगळा खटाटोप याच्यासाठीच आहे.

माझ्या कपाटात खालच्या खणात, साडीच्या खोक्यात, एक जुना कागद आहे. तो माझे पणजोबा आबाजी यांनी घरी आणला. आबाजी खानदेशात पॉलिटिकल एजंटाच्या कचेरीत कारकून होते. सातपुड्यात तेव्हा भिल्ल नायकांची लहान लहान संस्थानं होती. इंग्रज ती एकदम गिळत नसे. वर्षातून एकदा दरबार भरवायचा, नायकाला पागोटं बांधायचं, वर्षासन ठरवायचं आणि जंगल हळूच आपल्या खात्याकडे ओढून घ्यायचं, अशी ती रीत. मान साहेबाचा, आणि करार वाचून दाखवायचं काम आबाजीचं.

सन १८९४ मध्ये धनबारी संस्थानच्या दामजी नायकाशी असाच करार झाला. दोन प्रती केल्या, एक सरकारची, एक नायकाची. त्यात नायकाचे अकरा पाडे नावानिशी लिहिले आहेत आणि जंगलाची हद्दही, कुठला नाला, कुठला मोह, कुठली टेकडी, सगळं. नायकाला लिहिता येत नव्हतं. तिथला भिल्ल माणूस सही म्हणून तीर काढी. तीराचं टोक मजकुराकडे असलं तर कबूल. टोक मजकुराकडे पाठ करून बाहेर असलं तर नाकबूल. अकरा पाड्यांत पोरासोरांना हे ठाऊक होतं. साहेबाला ठाऊक नव्हतं. आबाजीला होतं, चार वर्षं तिथलं पाणी प्यायले होते ते.

कागदाच्या पाठीवर आबाजीच्या हातचं मोडीत लिहिलेलं आहे. माझ्या वडिलांनी मला ते वाचून दाखवलं, तेव्हापासून मला पाठ आहे: "नायकाने दोन्ही प्रतींवर तीर उलटा काढिला. साहेबांस सांगितले नाही. पागोटे बांधून झाले होते व घोडे तयार होते. नायक आपली प्रत हाती घेईना. पुढील दरबारी समजूत घालून देईन."

दामजी नायक त्याच पावसाळ्यात वारला. सरकारने उलटा तीर सुलटा धरला आणि जंगल गेलं. नायकाची प्रत आमच्या ट्रंकेत आली ती आलीच. आजोबा म्हणाले नंतर बघू, वडील म्हणाले नंतर बघू, मी लग्नात ती बहरीनला आणली.

आबाजीला शिव्या घालणं सोपं आहे. मी घालत नाही, कारण मला ते तोंड नाही. सेंटरमध्ये कामगार रांगेत उभे असायचे. अरबीत आणि इंग्रजीत छापलेलं काँट्रॅक्ट, वाचता कोणालाच येत नसे. मी म्हणायची, "भैया, अंगूठा यहाँ, यल्ला, जल्दी." कंपनीचा माणूस गाडी चालू ठेवून बाहेर थांबलेला असे. त्यातल्या कितीजणांनी मनातल्या मनात तीर उलटा काढला असेल, कोण जाणे. मला त्याची फार लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी, मी सेंटर सोडायच्या जरा आधी, हिद्दच्या गोदीतला एक वेल्डर आला. शिवदास पाडवी त्याचं नाव. अंगठा म्हटल्यावर म्हणाला, "मावशी, आधी सगळं वाचून दाखवा. मग सही करतो, मला सही येते." मागे वीस माणसं खोळंबली, मी चिडले, पण वाचलं. मग गावचा पत्ता विचारला. म्हणाला, आंबागव्हाण, जिल्हा नंदुरबार. माझी बोटं की-बोर्डवर तशीच राहिली. अकरा पाड्यांतलं तिसरं नाव आंबागव्हाण आहे.

तेव्हापासून शिवदास शुक्रवारी जेवायला येतो. कागदाचं मात्र मी बोलले नाही. गेल्या जूनमध्ये त्याने सांगितलं की गावाचा जंगलावरचा वनहक्क दावा फेटाळला, जुना पुरावा नाही म्हणून. तरीही मी गप्प. पणजोबांचं नाव खराब होईल, शिवदास माझ्या हातचं जेवायचा नाही, असलं काहीबाही मनात. आठ महिने मी त्याला माशाची आमटी वाढली आणि पुरावा पलीकडच्या खोलीत ठेवला. देवा, माफ कर.

ऋत्विक झल्लाकच्या हॉटेलात मॅनेजर आहे. त्याला तो कागद फ्रेम करून लॉबीत लावायचा आहे, फ्रेम विकत आणूनही ठेवली आहे. मी नाही म्हटलं तर म्हणाला, "आई, इट्स जस्ट अ पेपर." बाळा, आपलं सगळं घराणं कागदावरच जेवलं.

सबब, सदर कागद माझ्या मृत्यूनंतर आंबागव्हाणच्या ग्रामसभेस द्यावा. त्यावर माझ्या मुलांचा कसलाही हक्क राहणार नाही.

(इथून पुढचा मजकूर हाताने लिहिला आहे.)

सह्यांसाठी आज इशरत आणि शिवदास दोघांना बोलावलं. म्हटलं, इथे सही करा. इशरतने पेन उघडलं. शिवदास म्हणाला, "मावशी, आधी वाचतो."

वाचू दिलं. हे होणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच त्याला साक्षीदार केलं असावं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. कलम पाचपाशी तो थांबला. परत पहिल्यापासून वाचलं.

"आठ महिने?" एवढंच म्हणाला.

मी मान खाली घातली. इशरतने पेन मिटलं.

तो म्हणाला, "मावशी, हे 'माझ्या मृत्यूनंतर' कशाला लिहिलं?"

"मृत्युपत्र आहे ते. दुसरं काय लिहिणार?"

"दाव्याची फेरसुनावणी सत्तावीस तारखेला आहे. मी मंगळवारी लीव्हवर निघतोय." त्याने मृत्युपत्र टेबलावर ठेवलं. "आणि तुम्ही तर चांगल्या ठणठणीत आहात."

इशरतला हसू फुटलं. "काय गो पूर्णिमा, आता गावासाठी सत्तावीसच्या आत मरशील काय?"

मला मात्र रडू आलं. पस्तीस वर्षं कलमं टाईप करून मी काय केलं, तर आबाजीचं "पुढील दरबारी" पुन्हा एकदा नीट टाईप केलं! उठले, खोका काढला आणि कागद शिवदासच्या हातात दिला. त्याने आधी तीर पाहिला. त्यावरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही. मग म्हणाला, "आमची आजी सांगायची, नायक नाही म्हणाला होता. घरात कोणी खरं मानत नव्हतं."

मग विचारलं, "आज मासे आहेत ना?"

आहेत.

तरी कलम ५ मी रद्द करत आहे. त्यावर एकच रेघ मारली आहे, खालचं सगळ्यांना वाचता यावं म्हणून. कागद आज, मी जिवंत असताना, ज्यांचा त्यांना पोचता केला. बाकीची कलमं कायम. ऋत्विकने फ्रेम दुकानात परत करावी.

खाडाखोड: एक. माझ्या हातची.

ठिकाण: मुहर्रक, बहरीन
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

सही: पूर्णिमा गुंडू तळवणेकर

साक्षीदार
१. इशरत मुनाफ काझी, मूळ राहणार रत्नागिरी. (टोप उद्या आणून देते.)
२. शिवदास दामा पाडवी, राहणार आंबागव्हाण, संस्थान धनबारी. वाचून सही केली. कागद मिळाला. बाजूला निशाणी तीराची, टोक मजकुराकडे.