डॉक्टर काय म्हणाले होते

प्रिय चिहारू,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, तुझे बाबाही. या वर्षी परसात मुळे भरपूर आलेत, बाबा ते शेजारपाजारी वाटत फिरताहेत. फोनच केला असता, पण फोनवर मी अवघड बोलायची वेळ आली की विषय बदलते, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

काल ताकुमाचा फोन आला. सासूकडे बायकोची चहाडी करायची, बिचाऱ्याच्या अगदी जिवावर आलं होतं. म्हणाला, "आई, सातवा लागला, पण हिचं वजन जेमतेम दोन किलो वाढलंय. रात्री जेवतच नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी तर नुसता चहा. काही बोललं की म्हणते, तुला काय कळतंय, माझी आई तीस वर्षं प्रसूतीगृहात नर्स होती."

होते खरी तीस वर्षं, वजनकाट्याच्या शेजारी उभी. मला बघितलं की बायका कानातलं काढायच्या, मोजे काढायच्या. एक तर चष्मासुद्धा काढून ठेवायची आणि मग आकडा दिसेना म्हणून मलाच विचारायची! कुणाचं वजन आठ किलोंच्या वर वाढलं की तिच्या आई-बाळाच्या तपासणीच्या वहीत मी लाल पेन्सिलीनं गोल काढायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "काय हो, बाळ वाढवताय की स्वतःला?" बिचाऱ्या ओशाळून हसायच्या. तेव्हा सगळीकडे तशीच शिस्त होती, हे खरं. पण चारचौघांत त्यांना लाजवताना मला मजा यायची, ती काही शिस्तीनं शिकवली नव्हती. ती माझीच.

पहिल्या खेपेला, सुझुनाच्या वेळी, तू बाळंतपणाला माहेरी आलीस. लेक आली म्हणून कुणी गोडधोड करतं. मी तुला आधी काट्यावर उभी केली. तुझा भाताचा वाडगा कपाटात ठेवला आणि तुझ्या लहानपणीचा, सशाचं चित्र असलेला, बाहेर काढला. तुला हसू आलं होतं. मग रोज कोन्याकू कंदाच्या बेचव, निःसत्त्व वड्या, कडधान्याचे मोड आणि पाण्यासारखं पातळ मिसोचं सार. एकदा दुपारी फ्रिजसमोर उभ्या उभ्या तू गार भाताचा मुटका खात होतीस. मी नुसतं बघितलं. तू उरलेला अर्धा परत ठेवलास. तुझा तो चेहरा आठवला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आणि आता जे तुला माहीत नाही ते. आठव्या महिन्यातल्या तपासणीनंतर तू कपडे बदलायला आत गेलीस, तेव्हा आमच्या प्रसूतीगृहातल्या नव्या, तरुण डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "फुमिएबाई, बाळाची वाढ मंदावलीय. आईचं वजन फारच कमी वाढलंय. तिला पोटभर जेवू घाला, वजन वाढलं तर वाढू द्या, वाढायलाच हवं. मी सांगितलं तर ती घाबरेल. तुम्ही जुन्या, अनुभवी. तुम्हीच नीट समजावा." माझं डोकंच फिरलं. कालचं पोरगं मला शिकवतंय! गाडीत बसल्यावर तू विचारलंस, "आई, डॉक्टर काय म्हणाले गं?" मी म्हणाले, "छान म्हणाले. असंच चालू दे." आणि तू किती खूश झालीस! त्या संध्याकाळी तुला मी त्याच सशाच्या वाडग्यात भात वाढला.

सुझुना दोन हजार ऐंशी ग्रॅमची झाली. सोळा दिवस काचेच्या पेटीत. नुसत्या जेवणामुळेच तसं झालं, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण मला सांगितलं होतं आणि मी ते तुझ्यापासून लपवलं. त्या पेटीवर हात ठेवून तू रडत म्हणत होतीस, "मी कामावर, दुकानात फार वेळ उभी राहिले, माझंच चुकलं." मी शेजारीच होते. तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "जाऊ दे, झालं ते झालं." पाच वर्षं तो दोष तू वाहतेयस आणि मी तुला वाहू दिला. लाज वाटते गं. आई म्हणवून घ्यायची लाज वाटते.

तुला वाटेल, ताकुमानं सांगितलं म्हणून हे लिहितेय. तसं नाही. त्याचा फोन ठेवल्यावरही मी गप्पच बसणार होते. पण आज सकाळी तुझा मेसेज आला : "आई, पुढच्या महिन्यात येतेय. या वेळीही माझ्या खाण्यावर लक्ष ठेव हं. मागच्या वेळी तू होतीस म्हणून निभावलं." तो वाचला आणि मुळे धुवायचे तसेच टाकून लिहायला बसले. चिहारू, माझ्यामुळे निभावलं नव्हतं. तुझ्या डॉक्टरांना उद्याच विचार, वजन किती वाढायला हवं ते. आता पूर्वीपेक्षा जास्तच सांगतात. रात्री जेवत नाहीस हेही सांग, काही लपवू नकोस. इकडे यायचं की नाही, ते तू ठरव. आलीस तर डॉक्टरांसमोर तू एकटी बस, मी बाहेर थांबेन. माझ्यावर राग धर, बोलणं टाक, सुझुनाला पाठवू नकोस, मी काही म्हणणार नाही. फक्त उपाशीपोटी रागावू नकोस. आधी जेव.

तुझीच, तुझ्याशी खोटं बोललेली,
आई